केरबाने फोडलेलं खापर

एका गावात एक भोळा गडी होता. भोळे तिथे आणखीही होते, त्यातले काही तर निवडूनसुद्धा आले होते. पण मन लावून भोळेपणा करणारा हा एकटाच. त्याचं नाव केरबा. वय चाळीस. आई जाताना त्याला सांगून गेली होती, "केरबा, सांगितलेलं ऐकत जा. सोताचं डोकं चालवू नगंस." केरबाने आईचा शब्द एकदाही मोडला नव्हता.

त्याची बायको शेवंता म्हणायची, "ह्यास्नी बसा म्हटलं की बसत्यात. पर उठा म्हणायची आठवण ठेवावी लागती. न्हाईतर शिमग्याला बसल्यालं मानूस दिवाळीला बी तिथंच."

गावाबाहेर नदीकाठी एक टेकाड होतं. त्याची माती राखेसारखी भुरकट. शेतीची जमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढर, असं जुनी माणसं म्हणतात. आणि त्या टेकाडालाही ती पांढरच म्हणत. बाकीचे नुसतं टेकाड म्हणत. जिथे कुत्रंही राहत नाही त्या जागेला पांढर का म्हणायचं, हे कोणी विचारलं नव्हतं. गावाचा स्वभावच विचारण्याचा नव्हता.

मग महामार्ग आला. म्हणजे आधी फक्कीची रेघ आली. ती टेकाडाच्या बरोबर मधून गेली. रस्त्याच्या खात्यातल्या चौगुलेसाहेबांनी ती आखली होती. त्यांच्या नकाशात टेकाड नव्हतं. नकाशात नाही ते जमिनीवर नाही, असं साहेबांचं मत होतं. तरीही ते समोर दिसत होतं, हा टेकाडाचा उद्धटपणा.

पण एक नियम होता. रस्ता करण्याआधी जमिनीखाली जुनं काही आहे का, ते कोणी जाणत्याने पाहायचं. हा नियम साहेबांना माहीत होता, पण तो कोणी पाळायला सांगेल असं त्यांना वाटलं नव्हतं. कोणीतरी सांगितलं, आणि शहरातून मोघेबाई आल्या.

बाईंचं आयुष्य जुन्या वस्त्या शोधण्यात गेलं होतं. टेकाडावर चार पावलं चालून त्या खाली वाकल्या, माती चिमटीत घेतली आणि उठेचनात. तीन हजार वर्षांपूर्वी इथे एक गाव होतं. लोक इथे राहिले, जेवले, भांडले, पोरं वाढवली, आणि एक दिवस सगळं टाकून निघून गेले. कुठे गेले, ते सांगायला हे टेकाड तेवढं उरलं होतं.

"किती दिवस लागतील?" चौगुलेसाहेबांनी विचारलं.

"निदान तीन महिने."

"आठ दिवस घ्या. नवव्या दिवशी बुलडोझर येतोय. आणि बाई, खापरं दाखवायला आणू नका. खापरं माझ्या घरामागच्या उकिरड्यातही सापडतात. एक तरी अखंड वस्तू दाखवा. अख्खी! मग वरच्या साहेबांना विचारू, रस्ता वळवायचा का ते."

म्हणजे आठ दिवस आणि एक अख्खी वस्तू. एवढ्यावर तीन हजार वर्षं टांगलेली.

बाईंना माणसं हवी होती. गावातली सगळी माणसं साहेबांनी रस्त्याच्या कामावर नेली होती. केरबा एकटा उरला होता, कारण त्याला कोणी चल म्हटलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "चल." तो आला.

पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या, "केरबा, ही पांढर आपल्याला राखायची आहे. पांढरीला कोणाला हात लावू द्यायचा नाही. साहेब असो की साहेबाचा बाप. कळलं का?"

"कळलं की बाई."

"काय कळलं?"

"पांढरीला हात लावू द्यायचा न्हाई."

बाई समाधानाने खड्ड्यात उतरल्या. थोड्या वेळाने चौगुलेसाहेबांची मोटार आली. साहेब उतरले, आपली रेघ जाग्यावर आहे ना ते पाहिलं, आणि परत मोटारीकडे आले. दारासमोर केरबा उभा होता.

"बाजूला हो."

"हात लावायचा न्हाई."

"कशाला?"

"पांढरीला."

साहेबांनी मोटारीकडे पाहिलं. ती पांढरी होती. "अरे, ही माझी गाडी आहे!"

"आसंल. पर पांढरी हाय."

"मूर्खा, मी कोण आहे ठाऊक आहे का? इथला जबाबदार अधिकारी मी आहे! जबाबदार!"

केरबाने हे नीट ध्यानात ठेवलं. मग म्हणाला, "तुमचं वडील आलं तरी न्हाई."

ड्रायव्हर आत काचा लावून, गारव्यात झोपला होता. साहेब दोन तास उन्हात उभे राहिले. एप्रिल महिना होता. साहेबांच्या डोक्यावर केस कमी होते. बाई वर आल्या तेव्हा साहेबांचा रंग विटेसारखा झाला होता. ते मोटारीत बसले आणि काही न बोलता गेले. मोठा माणूस न बोलता गेला की समजावं, तो आता लिहिणार.

बाई म्हणाल्या, "केरबा, रंग नाही रे बघायचा! आपण शोधतोय ती खापरं. खापर हे आपलं सोनं. जितकी खापरं मिळतील तितकी आण. अख्खं भांडं मिळालं तर देवच पावला, पण तोवर खापरं. कळलं का?"

"कळलं की बाई."

दुसऱ्या दिवशी तो पाटी भरून खापरं घेऊन आला. बाई धावत आल्या. खापरं लाल होती, सुरेख होती आणि भट्टीतून आल्यामुळे अजून कोमट होती. पाटीच्या मागून नामा कुंभार येत होता. त्याच्या हातात दांडकं होतं.

"बाई, तुमी ह्याला सांगिटलं?" नामा ओरडला. "माझ्या दारात येऊन म्हनतो, मामा, खापरं हाईत का? म्या म्हटलं, न्हाईत, माठ हाईत. तर म्हनतो, मग व्हत्याल. आनि लागला फोडाया!"

"अख्खी काय कामाची न्हाईत," केरबाने खुलासा केला. "बाईस्नी खापरं पायजेत."

"नवी नकोत रे!" बाईंचा आवाज चिरकला. "जुनी! जुनं दिसलं की त्यावर नंबरची चिठ्ठी लावायची, आणि ते जागचं हलू द्यायचं नाही. मी येऊन बघेपर्यंत तिथल्या तिथे. कळलं का?"

"कळलं. नवं नगं. जुनं. नंबर. हालू द्यायचं न्हाई."

नामाला बाईंनी हात जोडले. नामा म्हणाला, "तुमच्याकडं बघून सोडतो," आणि केरबाकडे बघत गेला.

तिसऱ्या दिवशी बाई सकाळपासून केरबाला शोधत होत्या. तो पारावर सापडला. पारावर गावातले सहा म्हातारे ओळीने बसले होते. प्रत्येकाच्या सदऱ्यावर चिठ्ठी होती. बाईंच्या वहीत आधी आठ वस्तू नोंदलेल्या होत्या, म्हणून म्हातारे नऊपासून सुरू झाले होते. टोकाला बसलेल्या तात्यांचा नंबर चौदा.

"केरबा, जाऊ दे की रं मला," तात्या कळवळून म्हणत होते.

"कुठं?"

"आता कुठं म्हनून काय इचारतोस? तीन तास झालं!"

"बाई येऊन बघूस्तवर हालायचं न्हाई, तात्या. तुमी लई जुनं हाय."

नंबर बारा कौतुकाने म्हणाला, "पर मला तात्याच्या आधी धरलं. म्हंजी मी जास्त जुना."

"तू? माझ्या लग्नात तू चड्डीत व्हतास!" चौदा नंबर खवळला. भांडणाच्या नादात तात्या जायचं विसरले; ते नंतर आठवलं, पण तेव्हा उशीर झाला होता. तात्यांना गाव अजून चौदा नंबर म्हणतं. म्हातारपणी कोणीतरी आपल्याला नंबर लावून एका जागी नीट ठेवावं, असं मलाही कधीकधी वाटतं. पण ते असो.

बाईंनी स्वतःच्या हाताने सहा चिठ्ठ्या काढल्या. त्यांचे पाच दिवस उरले होते.

"केरबा, माणसं नव्हेत! वर बसलेलं बघू नकोस. पायाखाली बघ. पायाखाली थर असतात, एकावर एक. वरचा नवा, खालचा जुना. एकेक थर हळू उकलायचा, मोजायचा आणि चिठ्ठी लावायची. कळलं का?"

"कळलं की बाई. पायाखाली."

केरबाने पायाखाली पाहिलं. तो गावच्या डांबरी रस्त्यावर उभा होता.

त्या रस्त्याच्या कडेला चार फलक होते. चारही फलकांवर त्याच रस्त्याचं डांबरीकरण झाल्याचं लिहिलं होतं, वेगवेगळ्या सालांत, वेगवेगळ्या पुढाऱ्यांच्या शुभहस्ते. चौगुलेसाहेबांचं नाव मात्र चारही फलकांवर होतं. केरबाला वाचता येत होतं. म्हणजे थर चार. त्याने कुदळ घेतली.

वरचा थर निघाला. तो बोटाएवढा जाड होता. त्याखाली काळी माती आणि मातीत ज्वारीचं एक धाट.

आपलं चुकलं असणार असं केरबाला वाटलं. गरीब माणसाला आधी तेच वाटतं. त्याने दहा पावलं पुढे जाऊन पुन्हा खणलं. मग आणखी पुढे. दिवस मावळेपर्यंत त्याने अकरा ठिकाणी रस्ता उकलला आणि अकरा ठिकाणी चिठ्ठी लावली: "थर १. खाली वावर."

गाव जमा झालं. ज्या गावाने कधी काही विचारलं नव्हतं, त्याने त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं, "मग बाकीचं तीन थर गेलं कुठं?" तालुक्याचा एक वार्ताहर लग्नाला आला होता. त्याने नवरा-नवरीचा फोटो काढायचा सोडून चिठ्ठ्यांचा काढला.

बाईंनी कपाळाला हात लावला. मग अकराही खड्डे पाहिले. शास्त्र ते शास्त्र. "मोजणी बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

पुढचे तीन दिवस बाईंनी त्याला काहीच सांगितलं नाही. त्या एकट्याच खणत राहिल्या. खापरं निघाली, राख निघाली, जळलेल्या ज्वारीचे दाणे निघाले, एका लहान मुलाच्या बांगडीचा तुकडा निघाला. अख्खं काही निघालं नाही. केरबा खड्ड्याच्या काठावर बसून होता. बसायला त्यांनीच सांगितलं होतं.

सातव्या दिवशी सकाळी त्यांना चौगुलेसाहेबांचं बोलावणं आलं. जाताना त्यांनी केरबाच्या हातात ब्रश दिला. "ह्या चौकोनातली माती हळू झाडत राहा. मोजू नकोस, फोडू नकोस, काही लावू नकोस. मी थांब म्हणेपर्यंत थांबू नकोस. कळलं का?"

"कळलं की बाई."

साहेबांनी त्यांना दिवसभर बाकावर बसवून ठेवलं आणि संध्याकाळी सांगितलं, की उद्या सभा आहे, अकरा वाजता, परवा बुलडोझर. बाई दिवे लागायच्या आधी टेकाडावर परतल्या तेव्हा केरबा झाडत होता. सकाळपासून झाडत होता. शेवंता शेजारी बसून त्याला भाकरीचा घास भरवत होती.

"थांबा म्हना वो बाई ह्यास्नी," ती म्हणाली. "माझ्यानं थांबनात."

बाईंनी चौकोनात पाहिलं. मातीतून एक मडकं वर आलं होतं. लाल, कलिंगडाएवढं, आणि त्याच्या पोटावरून काळ्या रंगातली हरणांची रांग गोल फिरून परत पहिल्या हरणाला मिळत होती. कुठे चीर नाही. कुठे टवका नाही. ज्या कामाला कोणी शहाणा माणूस दहा वेळा उठला असता, ते केरबाने एका बैठकीत केलं होतं.

"थांब," बाई म्हणाल्या आणि तिथेच मातीत बसल्या. त्यांच्या डोळ्यांना धार लागली.

"माझं काय चुकलं का, बाई?"

"नाही रे," बाई म्हणाल्या. "ह्या खेपेला नाही."

आठव्या दिवशी टेकाडावर मांडव पडला. मोठे साहेब आले. ते सगळ्या चौगुल्यांचे वरचे. मडकं त्यांनी केरबाच्या हातात दिलं. "तुझा हात हलका आहे. हे धरून उभा राहा. आणि आज मोठे साहेब बोलतील ते लक्ष देऊन ऐक, ते सांगतील ते कर. मला विचारायला येऊ नकोस, माझा जीव थाऱ्यावर नाही. कळलं का?"

"कळलं की बाई."

मोठ्या साहेबांनी मडक्याकडे पाहिलंच नाही. त्यांच्या हातात वर्तमानपत्र होतं. पहिल्याच पानावर चिठ्ठी होती: "थर १. खाली वावर."

"चौगुले," ते म्हणाले, "हे काय आहे?"

"साहेब, ते पावसाने वाहून गेलं असणार."

"तीन थर? मधले?"

"साहेब, तो ठेकेदार... तो मजूर... ती बाई..."

"ते मला सांगू नका! वरून विचारणा झाली आहे. ह्या प्रकरणाचं खापर कोणाच्या तरी डोक्यावर फोडावंच लागेल. आणि आजच!"

केरबाने कान टवकारले. मग तो विचारात पडला. खापर तर आधीच फुटलेलं असतं. फुटलेलं परत कसं फोडणार? फोडायचं तर आधी अख्खं पाहिजे. आणि अख्खं गावात एकच होतं. ते त्याच्या हातातच होतं. ह्यालाच योग म्हणतात.

"साहेब," तो अदबीने म्हणाला, "कुनाच्या डोक्यावर?"

मोठ्या साहेबांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "जो जबाबदार असेल त्याच्या!"

ठेकेदाराने इंजिनिअरकडे पाहिलं, इंजिनिअरने सरपंचाकडे, सरपंचाने आभाळाकडे. एवढ्या माणसांत जबाबदार कोण, हे कोणालाच माहीत नव्हतं. केरबाला मात्र माहीत होतं. त्याला चौगुलेसाहेबांनी स्वतः सांगितलं होतं, दोनदा.

"केरबा!" बाई किंचाळल्या.

आवाज फारसा मोठा झाला नाही. माठ फुटतो तेवढाच.

खापरं झाली एकेचाळीस. केरबाने ती मोजली आणि प्रत्येकावर नंबरची चिठ्ठी लावली, कारण ती जुनी होती. मग त्याने चौगुलेसाहेबांकडे पाहिलं. तेही फार नवे नव्हते. त्यांना बेचाळीस नंबर मिळाला. दवाखान्यात न्यायला जीप आली तेव्हा केरबा आडवा आला. "हालवायचं न्हाई. बाई बघूस्तवर न्हाई." पण बाई काही बघण्याच्या अवस्थेत नव्हत्या.

मोठे साहेब गरजले, "ह्याची चौकशी होईल! चौकशी पूर्ण होईपर्यंत इथली काडीसुद्धा हलवायची नाही! बुलडोझर परत पाठवा!"

"म्या तरी काय सांगतोय मगापास्नं?" केरबा म्हणाला.

तीन हजार वर्षांच्या गावाला जी मुदत मिळत नव्हती, ती साहेबांच्या टेंगळामुळे मिळाली. एक महिना. बाईंनी एकेचाळीस खापरं उचलली आणि सांधायला बसल्या. नंबर होते, म्हणून बरं झालं. पहिले काही दिवस त्या केरबाशी बोलल्या नाहीत. मग बोलल्या. हरणांची रांग हळूहळू परत जुळत गेली. शेवटचा तुकडा, एका हरणाचा मागचा पाय, चौकशीच्या आदल्या दिवशी बसला. सांधा दिसत नव्हता.

चौकशीला मोठे साहेब स्वतः आले. चौगुलेसाहेबही आले, डोक्याला पट्टी बांधून, आणि केरबापासून सहा खुर्च्या सोडून बसले. मोठ्या साहेबांनी ह्या खेपेला मडकं हातात घेतलं. फिरवून पाहिलं. हरणं गोल फिरून आली.

"बाई, हे तर अखंड दिसतंय."

"आहेच, साहेब. एक तुकडा कमी नाही."

साहेबांनी मडकं जपून टेबलावर ठेवलं. मग कारकुनाला म्हणाले, "लिहा. अखंड वस्तू मिळाली. रस्ता टेकाड सोडून वळवावा. मी सही करतो." कारकुनाने लिहिलं. साहेबांनी पेन उघडलं. पेन कागदाला टेकणार, तेवढ्यात साहेबांना पद्धत आठवली. "आधी ती चौकशी उरकून टाकू," ते म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं. "केरबा, पुढे ये. त्या दिवशी काय झालं?"

"खापर फोडलं, साहेब."

"कसं?"

"आसं."

"असं म्हणजे कसं? तोंडाने सांगू नकोस. जसं घडलं तसं करून दाखव."

"साहेब, नको!" बाई उठल्या.

"बाई, मध्ये बोलू नका. ही चौकशी माझी जबाबदारी आहे."

केरबा टेबलावरचं मडकं उचलून चौगुलेसाहेबांच्या दिशेने दोन पावलं गेला होता. तो थांबला. वळला.

"जबाबदारी तुमची का, साहेब?"

"सर्वस्वी माझी," मोठे साहेब ताठ बसून म्हणाले.

ह्या दुसऱ्या खापराची चौकशी त्यांच्याहूनही मोठे साहेब करणार आहेत. ते अजून आलेले नाहीत. महामार्ग दोन्ही बाजूंनी टेकाडापर्यंत येऊन थांबला आहे, मधे शेळ्या चरतात, आणि मोघेबाई मांडवात बसून खापरं जुळवतात. ह्या वेळी सत्तावन्न आहेत. कोणाचं काय बरोबर आणि काय चूक, ते मला नीट सांगता येणार नाही.

पण ते सगळं पुढचं. त्या घटकेला मांडवात एकच माणूस हसत होता, डोक्याला पट्टी बांधलेला. मोठे साहेब खुर्चीतून खाली घसरले होते, त्यांच्या कानात हरणाचा एक पाय अडकला होता. केरबा त्यांच्याजवळ उकिडवा बसला. सांगितलेलं काम नीट झालं की नाही, ही काळजी त्याच्या तोंडावर दिसत होती.

"कळलं का, साहेब?" त्याने हळूच विचारलं. "का परत दाखवू?"